तापाचा फोन

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली आणि नीलाकडे जरा नवलाने बघत म्हणाल्या, "धम्मदीना इज अवे टुडे. डॅड रँग दिस मॉर्निंग. फीवर."

नीलाच्या मागे पालकांची रांग लागली होती. अडीच वाजता जमीन हलली तेव्हापासून अर्धं जॉन्सनव्हिल उपनगर शाळेकडे धावत सुटलं होतं, ऑगस्टच्या थंडीत कुणी तर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. महिन्यापूर्वीच्या रविवारी असाच एक मोठा धक्का बसला होता, पण त्या अनुभवाने शहाणपण येण्याऐवजी लोकांचा धीर आणखी सुटला होता. नीलाही घरून काम करता करता लॅपटॉप उघडा टाकून आली होती.

आणि ताप कसला? सकाळी पावणेआठला तिने स्वतः डबा भरून दिला होता. मुलगी युनिफॉर्म घालून बापाच्या गाडीत बसली होती.

"ओ येस," नीला म्हणाली. "सॉरी. या सगळ्या गडबडीत आय फरगॉट."

ती हसलीसुद्धा. पोटच्या मुलीला ताप आहे हे विसरणारी आई कशी दिसते, ते तिला त्या बाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आलं. पण माझा नवरा खोटं बोलला, असं परक्या माणसापुढे म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

गाडीत बसल्यावर तिने फोन काढला. प्रणयला फोन लागत नव्हता, दीनालाही लागत नव्हता. रेडिओवर सांगत होते की वेलिंग्टन शहरातल्या इमारती रिकाम्या केल्यात, काचा पडल्यात, सगळ्या ट्रेन बंद आहेत. प्रणयचं ऑफिस शहरात होतं. दीना शाळेत नाही म्हणजे शहरात आहे, आणि शहरात आहे म्हणजे प्रणयच्या संमतीने आहे, एवढं कळायला नीलाला दोन मिनिटंही लागली नाहीत. या नवऱ्याने तेरा वर्षांत मुलीला एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं. भाजी खायची, दात घासायचे, फोन ठेवून झोपायचं, सगळ्यावर त्याचं एकच उत्तर असायचं: आईला विचार. घरातलं नकाराचं खातं लग्नाच्या आहेरासारखं नीलाच्या पदरात पडलं होतं, आणि ती ते इमानाने सांभाळत आली होती.

तिने त्याला मेसेज टाकला, "दीना कुठे आहे?" चौथ्या प्रयत्नाला तो गेला.

*

त्या वेळी प्रणय शहरातल्या लायब्ररीच्या बंद दारासमोर उभा होता. इमारतींची तपासणी करणं हेच त्याचं काम. ऑफिसातून सगळे स्ट्रक्चरल इंजिनियर हेल्मेटं घालून बाहेर पडले होते, आणि हा दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेला तासभर झाला तरी परतला नव्हता.

"आतमध्ये कुणी नाही, मेट," गार्डने तिसऱ्यांदा सांगितलं. "सगळे केव्हाच बाहेर पडले."

सकाळी गाडीत दीना रडली होती. सायन्सची टेस्ट होती, अभ्यास झाला नव्हता. "जस्ट वन डे, बाबा. प्लीज." नगोरंगा गॉर्जच्या उतारावर गाड्या खोळंबल्या होत्या. तिचं नाक लाल झालं होतं. ते लाल नाक बघवेना म्हणून प्रणयने तिथूनच हँड्सफ्रीवर शाळेला फोन लावला आणि ताप आहे म्हणून सांगून टाकलं. इतक्या सहज की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मग तिला लायब्ररीशी सोडलं. "अभ्यास कर. तीनला घ्यायला येतो. आईला काही बोलू नकोस."

आईला बोलू नकोस. हे वाक्य या घरात पहिल्यांदा त्यानेच आणलं होतं, दीना सहा वर्षांची असताना, जेवणाआधीच्या आइस्क्रीमच्या वेळी. तेव्हा किती गंमत वाटली होती दोघांना.

तो वॉटरफ्रंटपर्यंत जाऊन आला. युनिफॉर्ममधली प्रत्येक मुलगी पाठमोरी दीनासारखी दिसायची आणि वळली की कुणीतरी भलतीच निघायची. एका गल्लीत फुटपाथवर काचांचा खच पडला होता. त्याने तिथे कुणाला लागलं का म्हणून विचारलं, नाही म्हणाले, तरी तो वाकून बघत राहिला. ही इमारत टिकेल, ती टिकणार नाही, हे सांगण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने पोरीला कोणत्या इमारतीत सोडलंय तेही धड ठाऊक करून घेतलं नव्हतं.

आपल्या मुलांना कधी दुखवायचं नाही हे त्याने अकराव्या वर्षीच ठरवलं होतं, देहूरोडच्या क्वार्टरमध्ये. त्याच्या वडिलांनी, तात्यारावांनी, कधी मुलांवर हात उगारला नाही. त्यांची पद्धत निराळी होती. चूक करणाऱ्याने संध्याकाळच्या वंदनेत एकट्याने पंचशील म्हणायचं आणि जे शील मोडलं असेल तिथे थांबायचं. त्या वर्षी प्रणय चौथ्यावर थांबला. शेजाऱ्याची सायकल त्याने पाडली होती आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं. तात्यारावांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर नऊ दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. "चुकलो, तात्या," तो रोज त्यांच्या पाठीला सांगायचा. त्या घरात तो शब्द मुलांनी म्हणायचा होता. बापाच्या तोंडून तो कुणी कधी ऐकला नव्हता.

चार वाजून वीस मिनिटांनी खिशातला फोन थरथरला.

"आयॅम ओके. लोअर हटच्या मॉलमध्ये आहे, कीराबरोबर. ट्रेन्स बंद. कीराची ग्रँडमा गाडीने आणतेय. सो सॉरी. प्लीज डोन्ट टेल आई."

प्रणय फुटपाथच्या कडेला बसला आणि रडला. येणारे जाणारे बाजूने वाट काढत गेले. त्या दिवशी रस्त्यावर रडणारा तो काही एकटा नव्हता.

मग त्याने डोळे पुसले आणि नीलाला लिहिलं, "दीना माझ्याबरोबर आहे. काळजी करू नकोस." किती सोयीचं वाक्य. नीलाचा जीव भांड्यात पडला असता, दीनाला मध्येच कुठेतरी गाठता आलं असतं, आणि बापलेक हसत घरात शिरले असते. त्याने ते खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. नीला उन्मळून पडेल याची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. दीनाने उद्यापासून आपल्याकडे पाठ केली तर?

चार एकतीसला त्याने दीनाचा मेसेज जसाच्या तसा नीलाला पुढे पाठवला, शेवटच्या शब्दांसकट. कार पार्क बंद होता. म्हणून तो घराकडे चालू लागला.

*

मेसेज आला तेव्हा नीलाने तो मोठ्याने वाचला.

"आईला सांगू नको," ती म्हणाली. "बघा तात्या. भूकंप झाला तरी पोरीला भीती कुणाची? माझी."

तात्याराव खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना इथे येऊन तीन महिने झाले होते, आणि सुनेच्या घरात आपण बोलायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. तो आज त्यांना बोचत होता. सकाळी त्यांनी दीनाला दप्तरात जीन्स कोंबताना पाहिलं होतं. "मफ्ती डे, आजोबा, शाळेत आज साधे कपडे घालायचे," ती म्हणाली होती. नंतर ते फिरायला निघाले तर रस्त्यात सगळी मुलं युनिफॉर्ममध्ये. त्यांना कळलं होतं. पण ते बोलले नव्हते.

"मला सकाळीच शंका आली होती," ते आता म्हणाले, आणि जीन्सचं सांगितलं.



"वहिनी, पोरगी सुखरूप आहे ना," प्रणयची बहीण निशिगंधा म्हणाली. ती पोरिरुआला नर्स होती आणि ड्यूटी संपवून थेट इकडे आली होती. "आणि दादाने निदान लपवलं नाही."

"तू त्याचीच बाजू घेणार."

"मी आयुष्यभर घेतलीय. सवय आहे."

साडेपाचला दारात गाडी थांबली. कीराची आजी, जाडजूड कोटातली माओरी बाई, दीनाला घेऊन पायऱ्या चढली. "किया ओरा, डिअर. शी'ज ऑल राइट. हंग्री, दॅट्स ऑल." नीलाने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले. मग दीनाला इतकं आवळलं की पोरगी कण्हली. दार बंद झालं आणि नीला दोन पावलं मागे सरली.

"आय टेक्स्टेड बाबा!" दीना घाईघाईने म्हणाली आणि पुरावा म्हणून तिने फोन पुढे केला. "लुक. फोर ट्वेंटी."

नीलाने आपल्या फोनवर पाहिलं. चार एकतीस. "खोलीत जा," एवढंच म्हणाली.

दीनाच्या खोलीचं दार लागल्यावर तात्यारावांनी घसा साफ केला. "माझं ऐक, नीला. आता कुणी तिच्याशी बोलायचं नाही. ओरडायचं नाही, रागवायचं नाही. नुसतं गप्प राहायचं. तिचं तिला कळेल."

"चालेल," नीला म्हणाली. तीन महिन्यांत सासऱ्या-सुनेचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. "मी थकलेय. मला आज काही बोलायचंच नाहीये."

"नका, तात्या," निशिगंधा म्हणाली.

"का? फटका मारण्यापेक्षा बरं."

"ते नऊ दिवस तुम्हाला आठवत नसतील. दादा पहाटे उठून तुमच्या चपला पुसून ठेवायचा. तुम्ही घालून निघून जायचात. तो खिडकीतून बघत बसायचा, आज तरी वळून बघतील म्हणून."

तात्यारावांना चपलांचं आठवत नव्हतं. त्या पत्नीच पुसत असेल असं ते समजत आले होते. आता विचारायला ती हयात नव्हती.

*

प्रणय पोचला तेव्हा सात वाजायला आले होते. टाचांना फोड आले होते आणि हेल्मेट अजून हातात होतं.

"कुठे आहे?"

"खोलीत," नीला म्हणाली. "तिचा मेसेज तुला चार वीसला आला."

"हो."

"मला चार एकतीसला. अकरा मिनिटं तू काय करत होतास, प्रणय? मी इथे रेडिओ ऐकत होते. काच पडून कुणाला लागलं, असं म्हणाले की मी उभी राहायचे."

तो बसला नाही. "तुला खोटं सांगावं की खरं, ते ठरवत होतो," तो म्हणाला.

नीलाने तयार ठेवलेली सगळी वाक्यं तो काही तरी सबब सांगेल या हिशेबाने केलेली होती.

"आज मी तिला काही बोलणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तेरा वर्षं या घरातली वाईट मीच आहे. आज तू. आणि आज तुला जमलं नाही, तर पुन्हा कधी मला तिचा बाप म्हणून काही विचारू नकोस."

वर्षावास चालू होता, बौद्धांचे पावसाळ्यातले व्रताचे महिने. या तीन महिन्यांत घरात रोज सातला वंदना व्हायची, इथे पावसाळा नसला तरी. धक्क्याने आडवी झालेली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो तात्यारावांनी दुपारीच सरळ करून ठेवला होता. दीनाला बाहेर बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आज दीना एकटी म्हणेल," तात्याराव म्हणाले. "आणि जिथे थांबायचं तिथे थांबेल."

"आधी मी," प्रणय म्हणाला.

त्याने हात जोडले. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथं होतं खोटं न बोलण्याचं. तिथे तो थांबला. बेचाळीस वर्षांचा माणूस सॉक्समध्ये उभा होता आणि एका मोज्याच्या टाचेवर रक्ताचा डाग होता. कुणी त्याला पुढचं सुचवलं नाही.

दीना बापाकडे बघत राहिली. मग तिने म्हटलं, भरभर, इंग्रजी वळणाच्या पालीत, आणि तीही चौथ्यावरच थांबली.

"मीपण," नीला पुटपुटली. "शाळेच्या ऑफिसात." तिला कुणी विचारलं नव्हतं.

तात्यारावांनी उरलेलं पूर्ण केलं.

"सोमवारी आपण दोघं शाळेत जाऊ," प्रणय दीनाला म्हणाला. "ताप नव्हता हे मी सांगणार. मग तू टेस्ट देशील. आणि उद्या कीराकडे राहायला जायचं नाही."

"व्हॉट? इट्स हर बर्थडे!"

"माहीत आहे."

"बट यू रँग देम! मी फीवर सांग असं म्हटलंपण नव्हतं. दॅट वॉज यू."

"ते माझंच आहे. म्हणून आधी मी बोलणार. पण तू मला लायब्ररी सांगून लोअर हटच्या मॉलला गेलीस, ते तुझं. मी दोन तास काचांमध्ये तुला शोधत होतो, दीना. मला वाटलं तू..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. "कीराकडे नाही."

दीना आईकडे वळली. आईचा नकार घेऊन बापाकडे जाणारी पोरगी आज पहिल्यांदाच बापाचा नकार घेऊन आईकडे आली होती. "आई?"

"बाबांना विचार," नीला म्हणाली.

"आय हेट यू," दीना बापाला म्हणाली, आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

*

प्रणयला जन्मभर ज्याची भीती होती तेच आता झालं होतं. शनिवारी दीना आईशी बोलली, आत्याशी फोनवर बोलली, आजोबांना चहासुद्धा करून दिला. प्रणय समोर आला की ती त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीकडे बघायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तात्याराव ते बघत होते आणि त्यांना चहा गोड लागत नव्हता.

पाच वाजता कीराकडे पार्टी सुरू व्हायची वेळ झाली. प्रणयने गाडीची किल्ली उचलली. नीला ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली, पण तिने मान वर केली नाही. प्रणय किल्ली हातात घेऊन दारापर्यंत गेला, परत आला आणि किल्ली जागेवर ठेवली. सुरी पुन्हा चालू झाली.

रविवारी दुपारी तात्याराव पॅसेजमध्ये आले तर मुलगा दीनाच्या बंद दाराबाहेर कार्पेटवर मांडी घालून बसला होता. हातात सायन्सचं पुस्तक होतं. ॲसिड आणि बेस तो मोठ्याने वाचत होता, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता, थोडं थांबत होता आणि स्वतःच उत्तर देत होता. आतून हूं की चूं नव्हतं. मध्ये एक छोटा धक्का बसला, दिवा हलला. "दीना, टेबलाखाली," तो म्हणाला, आणि दिवा थांबल्यावर पुढचा परिच्छेद वाचायला लागला.

"ती उत्तर देत नाही," तात्याराव म्हणाले, "मग कशाला बोलतोस?"

"अबोला तिचा आहे, तात्या. माझा नाही."

तात्याराव भिंतीला धरून तिथेच उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. शब्द एकच होता आणि फार साधा होता, पण पंच्याहत्तर वर्षांत त्यांच्या तोंडाला त्याची सवय झालेली नव्हती. प्रणयने पान उलटलं. ते आपल्या खोलीत गेले.

सोमवारी सकाळी ते मात्र बूट घालून तयार बसले. "मीही येतो. गाडीत बसेन."

शाळेजवळ जागा मिळत नव्हती. प्रणयने घाईने गाडी कुठेतरी लावली, आणि बापलेक आत गेले. तीच बाई खिडकीशी होती.

"शुक्रवारी मी फोन केला होता," प्रणय इंग्रजीत म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, मागे दोन पालक उभे होते. "माझ्या मुलीला ताप नव्हता. मी खोटं सांगितलं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षांत त्यांच्या खिडकीशी बरीच मुलं हे सांगायला आली असतील. बापाचं त्यांना काय करायचं ते चटकन सुचलं नसावं. "राइट," त्या म्हणाल्या. "वेल. थँक्स फॉर टेलिंग मी."

"ॲन्ड आय वॉज ॲट द मॉल," दीना जमिनीकडे बघत म्हणाली. "आय नीड टू सिट द टेस्ट."

टेस्ट जेवणाच्या सुट्टीत ठरली. आठवडाभर शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचं, हेही ठरलं. घंटेला दहा मिनिटं होती. दीना फाटकाबाहेर त्याच्या बरोबरीने आली, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून. तिसऱ्या दिवशीही हे असंच राहिलं तरी आपण उद्या बोलायचं, परवाही बोलायचं, एवढं प्रणय मनात घोकत होता.

गाडीपाशी येऊन ती थांबली. मागची काच अर्धी उघडी होती, आत आजोबा बसले होते.

"बाबा," ती म्हणाली.

तो इतक्या झटकन वळला की त्याचा पाय फुटपाथच्या कडेवरून घसरला.

"यू कान्ट पार्क हिअर. पिवळी लाइन आहे. लहान मुलं क्रॉस करतात इथे, त्यांना गाड्या दिसत नाहीत." तिचं नाक लाल झालं होतं, आणि आवाज थेट नीलाचा होता. "तुला माहितीये ना?"

प्रणयने खाली पाहिलं. खरोखरच पिवळी रेघ होती, चांगली ठळक.

"चुकलो," तो म्हणाला.

मागच्या सीटवर तात्यारावांनी तो शब्द ऐकला. दीना फाटकाकडे पळाली. प्रणय गाडीत बसला, त्याने किल्ली फिरवली आणि आरशात बघितलं तर तात्याराव पुढे वाकले होते. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"त्या चपला," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं, बाळा. चुकलो मी."

प्रणयला आरशातलं काही दिसेना. पण गाडी पिवळ्या रेघेवर होती, म्हणून त्याने बाहीने डोळे पुसले आणि ती आधी तिथून काढली.